आधीचं काम कोणतं?

पंढरी गायकरला कुठलीही नवी वस्तू दिसली की ती मागून बघायची खोड. समोरून काय, सगळेच बघतात! घरात रंगीत टीव्ही आला त्या दिवशी त्याची बायको लक्ष्मी हळदकुंकू घेऊन टीव्हीसमोर उभी, आणि हा पठ्ठ्या बॅटरी घेऊन टीव्हीच्या मागे. पंच्याण्णव साली मानपाड्याच्या त्याच्या कंपनीत कॉम्प्युटर आला आणि मालक म्हणाले, "गायकर, हा तुम्ही शिकायचा," तेव्हा वर्कशॉपमधली पोरं फिदीफिदी हसली. पंढरी काही हसला नाही. तो आधी कॉम्प्युटरच्या मागे गेला, कुठली वायर कुठे जाते ते बोटाने चाचपून बघितलं आणि मगच खुर्चीवर बसला. फोरमन माणूस, पन्नाशी उलटलेली, पण असं काही समोर आलं की त्याला तहानभूक सुचायची नाही.

कंपनी केमिकलवाल्यांसाठी मोठमोठ्या टाक्या बनवायची. कुठली प्लेट कधी कापायची, कुठली टाकी कधी वेल्डिंगला घ्यायची, हे पंढरी आजवर भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. पण नवीन गिऱ्हाईक अडून बसलं: कामाचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर काढून द्या, तरच ऑर्डर. म्हणून मालकांनी ठाण्याहून उत्तरा मॅडमना बोलावलं. त्यांचा नौपाड्यात कॉम्प्युटरचा क्लास होता. वयाने पंढरीच्या मुलीहून, शेवंतीहून, थोड्याशा मोठ्या, बोलणं एकदम स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं.

"काका, टाक्यांचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी तुम्हाला तोंडपाठ असलेलं एखादं काम घेऊ या. घरातलं चालेल."

"मग लग्नच घ्या," पंढरी म्हणाला.

दुसरं काय सुचणार? वैशाखात शेवंतीचं लग्न होतं. मुलगा कोपरीचा, चांगल्या घरचा, पोरीला पसंत. सगळं जमून आलेलं. फक्त एक गोष्ट पंढरीच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकलेली, ती म्हणजे देव. गायकरांच्या कुळाचे देव, चांदीचे टाक, थोरल्या घरात असायचे. थोरला म्हणजे काळुराम, पंढरीचा दादा. घरात कुणाचंही लग्न असो, थोरल्याने सुपात नव्या कापडाखाली देव घेऊन यायचं, लग्नघरात बसवायचे, आणि मगच पोरीच्या अंगाला हळद लागायची. बापजाद्यांपासून असंच चाललेलं. आणि दादा तर पंढरीशी बोलतच नव्हता.

भांडण कशावरून, तर ऐका. काळुरामच्या पोरीच्या लग्नात सगळी व्यवस्था पंढरीकडे होती. मानपाड्यात कुणाचंही लग्न असलं तरी ती त्याच्याकडेच असायची. हळदीच्या संध्याकाळी काळुराम म्हाताऱ्या आत्याला आणायला कोपरीला गेलेला, बस काही वेळेवर मिळाली नाही. इकडे बँडवाले तयार, पाहुणे तयार, लग्नाची गाणी, धवले, गाणारी धवलारीण घसा खाकरून बसलेली. पंढरीने घड्याळ बघितलं आणि दिली हळद सुरू करून. काळुराम आत्याचा हात धरून मांडवात शिरला तर पोरगी अर्धी पिवळी झालेली! तो भर मांडवात ओरडला, "लगीन माज्या पोरीचं का तुज्या?" आणि पंढरी म्हणाला, "वेळ म्हणजे वेळ, दादा." झालं! तेव्हापासून एकाच आळीत राहून दोघांची तोंडं दोन दिशांना. बायका पाणी भरताना बोलायच्या तेवढंच.

तर लग्न कॉम्प्युटरवर चढलं. पंढरी एका बोटाने अक्षरं शोधत बसला आणि उत्तरा मॅडम शेजारी. त्याने एकाखाली एक कामं लिहिली: मांडव, आचारी, बँड, धवलारीण, देव बसवणे, हळद, हळदीच्या रात्रीचं मटण, लग्न, वरात. मटणापाशी मॅडम जरा घुटमळल्या. "हे किती दिवसांचं काम धरायचं?" त्यांनी विचारलं.

"बोकड बघण्यापासून धरायचं का पातेल्यात पडल्यापासून?" पंढरीने विचारलं. मॅडमनी हसून सांगितलं की ते तुम्हीच ठरवा, आमच्याकडे श्रीखंड असतं.

शेवटी बटण दाबलं, आणि पडद्यावर निळ्या पट्ट्या उमटल्या. सगळ्या एकाखाली एक, एकाच दिवशी. मांडव आज, हळद आज, लग्न आज, वरातही आजच!

"अरे बापरे!" पंढरी म्हणाला. "पोरीचं दुपारचं जेवण व्हायचंय अजून, तेवढ्यात सासरी धाडली का ह्याने?"

"यंत्राला कळत नाही ना, काका, कुठलं आधी आणि कुठलं मग," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा. याच्या आधीचं काम कोणतं? तेवढं सांगितलं की तारखा ते आपलं आपण लावतं."

हे पंढरीला फारच आवडलं. आयुष्यभर त्याने तारखा आधी ठरवल्या होत्या आणि मग कामांना त्यात कोंबलं होतं. हे उलटं होतं. तो घरी गेला तरी तेच. लक्ष्मी भाकऱ्या थापत होती, तर हा विचारतोय, "याच्या आधीचं काम कोणतं?" ती म्हणाली, "पीठ दळून आणणं. जा गिरणीत." गेला बिचारा.

पुढच्या वेळी आणखी गंमत. यंत्राने लग्न सोमवारवर ढकललं, कारण रविवारी सुट्टी! "आमच्याकडे सगळी लग्नं रविवारी, आणि हा बाबा म्हणतो सुट्टी," पंढरी म्हणाला. मॅडमनी रविवार कामाचा कसा करायचा ते दाखवलं. मग त्याने मुहूर्ताचं विचारलं, त्याला किती दिवस लावायचे? "शून्य," मॅडम म्हणाल्या. "ते काम नाही, तो क्षण आहे. शून्य लिहा, बघा काय होतं." पंढरीने शून्य लिहिलं आणि पट्टीच्या जागी एक छोटासा काळा चौकोन आला, कोपऱ्यावर उभा राहिलेला. तो त्या चौकोनाकडे बघतच राहिला. एवढा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो शून्य दिवसाचा! त्याने ते शॉपमधल्या प्रत्येकाला जाऊन सांगितलं आणि एक-दोघांनी तर ऐकलंही.

मग एका दुपारी पाळी आली देवांची. हळदीच्या आधी देव बसवणे, हे झालं. देव बसवण्याच्या आधी? पंढरीने नवी ओळ लिहिली: दादा येणे. दादा येण्याच्या आधी? आणखी एक ओळ: दादाला आमंत्रण.

"आणि आमंत्रणाच्या आधी?" मॅडमनी विचारलं.

पंढरीने कीबोर्डवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "आधी त्याने एकदा माझ्या ओट्यावर यायला पाहिजे. मग मी जाईन बोलवायला. मी काय चोरी केलेली का?" आणि त्याने आमंत्रणाच्या आधी टाकलं: दादा येणे.

यंत्र पी करून ओरडलं. मध्येच एक चौकट आली, त्यात इंग्रजी. मॅडमनी वाचून सांगितलं, "ही दोन कामं एकमेकांवर अडून बसली आहेत. गोल फिरतायत. अशी जोडणी घेता येत नाही म्हणतंय."

"पण खरं तेच लिहिलंय मी!"

"खरं असेल, काका. पण याची तारीखच निघत नाही. कुठली तरी एक जोडणी काढावी लागेल."

पंढरीला आधी राग आला आणि मग नेहमीप्रमाणे चाळा लागला. या यंत्राला मागून कुठून तरी जाता येतच असणार! त्याने लक्ष्मीला मध्ये घातलं: लक्ष्मीने आवडावहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, सांगायचं, वहिनीने दादाला, दादाने यायचं, मग आमंत्रण. वहिनीला काय म्हणून सांगायचं, तर आमंत्रण आहे म्हणून. पी! वर्तुळ नुसतं मोठं झालं. त्याने कोपरीच्या आत्याला घातलं. पी! शॉपमधली पोरं दारात येऊन बघायला लागली की काकांचं लग्न आज किती वेळा ओरडतंय. शेवटी वैतागून त्याने दादाच्या दोन्ही ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या.

यंत्र एका शब्दाने काही बोललं नाही. पट्ट्या सरसर जागेवर बसल्या, मांडवापासून वरातीपर्यंत, ठरलेल्या तारखांना. कुठे अडत नव्हतं, कुठे लोंबत नव्हतं. मॅडमनी छापायला सांगितलं आणि कर्रकर्र करत लांबलचक कागद बाहेर आला. पंढरीने असं सुरेख वेळापत्रक जन्मात काढलेलं नव्हतं.

तो कागद हातात धरून उभा राहिला. देव बसवणे, अर्धा दिवस. कोण आणणार ते कुठेच नाही. दादाशिवाय शेवंतीचं लग्न व्यवस्थित पार पडत होतं. ज्या दादाने त्याला खांद्यावर बसवून मिठागराच्या बांधावरून शाळेत नेलं, त्याच्यावाचून काहीसुद्धा अडत नव्हतं.

"काका, छान आलंय की," मॅडम म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "एक विचारू? बोलावल्याशिवाय येणार नाही, असं दादा स्वतः म्हणाले का?"

"म्हणायला कशाला पाहिजे? भाऊ आहे माझा, मी ओळखतो त्याला," पंढरी फटकन म्हणाला. पण बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की काळुरामच्या तोंडून असं काहीच त्याने ऐकलेलं नाही. ऐकणार कुठून? बोलणंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याने अंगावर धुतलेला सदरा चढवला, नारळ घेतला, पत्रिकेवर दादाचं नाव घातलं आणि निघाला. लक्ष्मीने दारात त्याची टोपी सरळ केली. दादाचं घर ते केवढंसं लांब, पण पंढरी वाटेत दोनदा थांबला. हाकलून दिलं तर? आळीसमोर? मग पोरीची हळद कशी लागायची?

काळुराम अंगणात बाज विणत बसला होता. त्याने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा सुंभ ओढायला लागला. आवडावहिनी दारात आली आणि आत गेली. पंढरी उभाच. मग त्याने नारळ आणि पत्रिका पुढे केली. "दादा, शेवंतीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेलो."

काळुरामने हात पुसले, पत्रिका घेतली, आणि डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचली, वरपासून खालपर्यंत. मग तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितं खाली बोलावणाऱ्यांत पयलं नाव कुनाचं रं?"

"तुझं," पंढरी म्हणाला. दुसऱ्या कुणाचं असणार? थोरल्याचं नाव पहिलं. छापखान्यात नावं सांगताना त्याने विचारसुद्धा केला नव्हता.

"म्हंजे मी बोलावनार गावाला. आन तू मनाच बोलवाला आलास?" काळुरामचा आवाज चढला. "मना पत्रिका देतंस? मी पावना हाय? पोर बगाला आले, स्थल ठरलं, मना इचारलं नाय, ता राग हाय माजा! बोलावन्याची वाट कोन बगतंय? माज्या पोरीच्या लग्नाला मना बोलावनं लागतंय व्हय?"

तेवढ्यात आवडावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "उगा ओरडू नका," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग पंढरीकडे वळली. "देव कवाचे चिंचेनं घासून ठेवलेत त्यांनी, भावजी. नवा कापडसुद्धा आनलाय. मना रोज इचारतात, पंढरीकडं मांडव कवा घालनार म्हून."

पंढरी मटकन बाजेच्या कडेवर बसला आणि त्याला रडूच कोसळलं. लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. इतके दिवस तो ज्या दारापाशी अडून बसला होता, तिथे दार मुळी नव्हतंच.

"आता ह्याला काय झालं?" काळुराम म्हणाला. "रडू ठेव थोडं. पोरीच्या पाठवनीला लागंल." मग पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि शेजारी टेकला. "बोल. मना काय काम ठेवलंस लग्नात?"

पंढरीने नाक पुसलं. "तू मांडवाच्या दारात उभा राहा, दादा. येणाऱ्याला या म्हण."

"ता मी ऱ्हानारच व्हतो," काळुराम म्हणाला. "तू नसता आला तरी."