बुध वक्री, सुदाम गप्प

गव्हाणच्या सुदामचं गाणं नसेल तर हळद लागते, पण रंगत नाही, असं तिथं कुणीही सांगेल. दिवसभर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या मांडवात माइक धरायचा. प्रत्येक नवरीला नवं गाणं, हा त्याचा हट्ट. आणि आता तर हळद घरचीच होती. लेकीसाठी, अंकितासाठी, त्याने जीव ओतून गाणं रचलं होतं.

आणि पोरीने काय करावं? आठवडा उरला असताना म्हणाली, बाबा, नवं गाणं नको, बुध वक्री आहे. मोबाइलवर रोज भविष्य ऐकणारी पोर ती! बुध म्हणजे वाणी, लिखाण, निरोप. तो उलटा चालताना दिसला की नवं काही लोकांपुढे आणायचं नाही, जुनं अर्धवट राहिलेलं हाती घ्यायचं, असं तिने बापाला समजावलं. भटजी हसले. लग्नाला गुरु-शुक्राचा अस्त तेवढा बघायचा, तो नाही ना, मग बुधाचं कशाला मनावर घेता, म्हणाले. अंकिता ऐकेना. नव्या संसाराला नाट लागेल, याचंच तिला भय होतं. ते पाहून सुदामचा राग विरघळला, पण वाईट फार वाटलं. गावभर गायलो आणि लेकीच्या हळदीला तोंड मिटून बसू?

मग त्याला अर्धवट राहिलेलं एकच गाणं आठवलं. स्वतःच्या लग्नाआधी होणाऱ्या बायकोसाठी, ललितासाठी लिहायला घेतलेलं. एक कडवं झालं होतं. तिची धड ओळखही नव्हती, पुढे लिहिणार काय? लग्नानंतर लाज आडवी आली. आता बसला तर हात थांबेना. तिचा फणकारा, तिच्या हातचं कालवण, ट्रेलर अडकून उशीर झाला की तिने उपाशी थांबायचं आणि वर शिव्याही घालायच्या, सगळं आलं.

हळदीला या गड्याने माइक धरला आणि तेच गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला बायका हसून लोळल्या. ललिता हळदीची वाटी घेऊन ऐकत उभी होती. अंकिता रडतही होती आणि हसतही होती.

गाणं संपलं तशी ललिता पुढे आली आणि लेकीसाठी कालवलेली हळद तिने भर मांडवात नवऱ्याच्या दोन्ही गालांना फासली.

"माझ्यावर गानं नाय म्हनून मी किती वर्सं रुसून हाय," ती म्हणाली, "तुमाला पत्ताच नाय."