बिनकानाचा कप

मावशी चहाच्या आधी कप बघत. चहा कसा झालाय हे नंतर कळलं तरी त्यांना चालायचं. कप कसा आहे हे आधी कळायला हवं.

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या घरी त्या दर शनिवारी पोळ्या करायला यायच्या. बाकीचे दिवस विमानतळावरच्या किचनमध्ये नोकरी. पहिल्याच शनिवारी मी त्यांना घरातल्या सर्वांत भारी कपात चहा दिला. केंब्रिजच्या प्रदर्शनातून आणलेला, जपानी कुंभाराने हाताने घडवलेला. राखाडी, खरखरीत झिलई, कडेवरून निघालेला ओघळ मधेच थिजलेला. जपानी रीतीप्रमाणे त्याला कान नव्हता. आपण केवढे उदार, या आनंदात मी होतो.

मावशींनी कपाला हातच लावला नाही.

"दादा, माझी आई साताऱ्यात चार घरची भांडी घासायची. चारही घरी तिचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. कान तुटलेला. मी विमानात बसून इथवर आले ती तसल्या कपात चहा प्यायला नाही."

मी घाईघाईने जपानी परंपरा सांगितली, भट्टीची आच सांगितली.

"एवढा भारी आहे तर तुम्ही प्या," म्हणत त्यांनी माझा मग ओढून घेतला. मी प्यालो. बोटं भाजली. त्या शांतपणे बघत होत्या. "आईचीपण भाजायची."

पुढे एकदा आमचे एक कलाप्रेमी मित्र आले. तो कप दोन्ही हातांत धरून त्यांनी डोळे मिटले. "या ओबडधोबडपणात केवढी नम्रता आहे!"

तव्यावरची पोळी उलटत मावशी म्हणाल्या, "तुम्ही विकत घेतलं की नम्रता. आमच्या आईला दिलं की तिची लायकी."

मित्रांनी डोळे उघडले. त्यानंतर ते फक्त पोळ्यांबद्दल बोलले.

"टाकून देऊ का हा कप?" मी नंतर विचारलं.

"कपाचा काय गुन्हा? राहू दे फळीवर. मला कुणी देऊ नका, म्हणजे झालं." तो कप धुताना मात्र त्या घासणी बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी धुवायच्या. त्या ओघळावरून अंगठा जरा जास्तच वेळ फिरायचा.

मग मावशींचं मुलीकडे मँचेस्टरला कायमचं जायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी चहा त्यांनीच केला, आलं ठेचून. माझ्यापुढे मग ठेवला. नंतर फळीवरून तो जपानी कप काढला, काठोकाठ भरला आणि स्वेटरची बाही पुढे ओढून दोन्ही हातांत धरला. मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या,

"आज कुणी दिलेला नाही, दादा. मी घेतलाय."

अगदी सावकाश प्यायल्या. मग कप धुऊन जागेवर ठेवला आणि बसस्टॉपकडे निघून गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या हातात चहा दिला जात नाही. सगळे कप टेबलावर मांडतो. ज्याला जो हवा तो त्याने उचलावा. कलाप्रेमी मंडळी जपानी कपावर झडप घालतात आणि बोटं भाजून घेतात. मी त्यांना बाहीची युक्ती सांगत नाही.