हेडलीचा जाड हात

इंग्लंडातल्या हकनॉल गावातली निम्मी म्हातारी माणसं अजून रॉयस्टन बेक्सनच्या दातांनी जेवतात. नोकरीची सगळी वर्षं त्यानं कवळ्या करण्यात घालवली. पांढरेशुभ्र, ओळीत उभे दात कुणीही करील. रॉयस्टनचं नाव होतं ते खोटे दात खोटे न दिसण्याबद्दल. जन्मभर कडक चहा ढोसणाऱ्याच्या दातांना तो चहाची झाक द्यायचा. एखाद्या बाईचा पुढचा दात लग्नाच्या फोटोत वाकडा असला, तर कवळीतही तो तेवढाच वाकडा बसवायचा. व्यंग जमलं की दात जमला, असं त्याचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर या हातांचं काय करायचं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. ते आधीपासून दुसरीकडे गुंतलेले होते. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा आणि त्याखाली बोटाच्या पेराएवढे खेळातले शिपाई. पृथ्वीवरचे नव्हेत. कुठल्या तरी दूरच्या ताऱ्यावर, अजून न उगवलेल्या शतकात लढणारे. अंगात यंत्राचं चिलखत, हातात बंबासारखी बंदूक, आणि समोर सहा पायांचे किडे नाहीतर हिरवे राक्षस. रॉयस्टन एकेकाला दिवसचे दिवस रंगवायचा. चिलखताच्या कडेला केसाएवढी उजळ रेघ, गुडघ्याला गंजाचा डाग, बुटाला त्या परक्या ग्रहाची लाल माती.

"माझ्या स्वयंपाकघराची भिंत सात वर्षं अस्तरावर उभी आहे," त्याची बायको ग्लिनिस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "त्या राक्षसाच्या बुटाला मात्र रंगाचा तिसरा हात चाललाय."

दर गुरुवारी संध्याकाळी हे सगळे शिपाई फोम घातलेल्या पेटीत बसून खाणकामगारांच्या हॉलवर जायचे. खाणी बंद पडून जमाना झाला; हॉल राहिला. तिथं टेबलांवर थर्माकोलची जळकी शहरं मांडलेली असायची. टेप लावून चाल मोजायची, फासे टाकून कोण मेला ते ठरवायचं, आणि मधल्या सुट्टीत पुदिन्याची चटणी घातलेले वाटाणे खायचे. अशी तीस वर्षं रॉयस्टनच्या समोरच्या खुर्चीत एकच माणूस बसत आला. हेडली क्लॅम्प.

हेडली पोरवयात खाणीत होता, पुढं पावाची गाडी चालवायचा. त्याची पलटण शिशाची, जुन्या घडणीची, आणि रंगवलेली त्यानंच. रंगवलेली म्हणजे काय, घराच्या फाटकाला लावून उरलेला ऑइलपेंट एका जाड हातात थापलेला. मॅन्सफील्डच्या फुटबॉल संघाचा पिवळा आणि निळा. पिवळा निळ्यात घुसलेला, निळा बंदुकीवर ओघळलेला. एका शिपायाच्या तर हनुवटीखाली रंगाचा थेंबच सुकून बसला होता. हेडली त्याला दाढी म्हणायचा.

"हेडली, हा रंग लावलास की त्याला रंगात बुडवलास?" रॉयस्टन सगळ्यांदेखत विचारायचा. "रंग पातळ करावा. दोन हात, तीन हात, सावकाश."

"आरं रॉया, शिपाई हाय त्यो. पातळ हात फिरवून न्हाऊ घालतोस काय त्याला बाळावानी?" हेडली फासे खुळखुळवत म्हणायचा. "टाक तुझा फासा. तुजी देखणी पोरं मारायला बसलोय मी."

आणि बहुधा तोच मरायचा. हरल्यावर हसायचा मात्र दोघांच्या वाटचं.

फेब्रुवारीत हेडली गेला. पावाच्या गाडीवरची नोकरी कधीच सुटली होती. सकाळी बागेतलं फाटक लावताना छातीत कळ आली आणि तिथंच बसला, तो बसलाच. प्रेताला माती दिली त्या दुपारी त्याची मुलगी ब्रायनी रॉयस्टनच्या घरी आली. ती ट्राम चालवते. कामावरून रजा काढली होती, तरी अंगावर ट्रामचाच कोट होता, कारण तिच्याकडे दुसरा काळा कोट नव्हता. तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"काका, बाबांची पलटण हाय ही. दोघातिघांचे हात मोडल्यात, तेवढे चिकटवून द्या. या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मी येते हॉलवर. त्यांच्या खुर्चीत बसून तुमच्याशी एक डाव खेळायचाय मला. एकच. मग झालं."

"तुला खेळता येतं, पोरी?"

"तीस वर्षं हरायचं कसं, ते घरी रोज ऐकलंय. तेवढं जमल."

ती गेली आणि रॉयस्टन टेबलाशी बसला. डोक्यात दुपारची ओली माती होती, पाद्र्यानं हेडलीचं नाव चुकीचं उच्चारलं ते होतं. हात आपलं काम करत होते. जुनी, दुसऱ्याची, मोडकी मूर्ती टेबलावर आली की पहिली पायरी ठरलेली: फरशी पुसायचं देवदाराच्या वासाचं जंतुनाशक बादलीत ओतायचं, त्यात ती बुडवून ठेवायची. रंग आपोआप सुटतो. बाजारातून घेतलेल्या शेकडो मूर्ती त्या बादलीतून गेल्या होत्या. हातांनी डबा उघडला, हातांनी शिपाई एकेक करून आत सोडले, झाकण लावलं आणि दिवा घालवला.

सकाळी ग्लिनिस चहा घेऊन आली तर नवरा बादलीपाशी गुडघ्यावर बसलेला. पाणी दुधासारखं झालं होतं आणि त्या दुधावर पिवळी-निळी साल तरंगत होती.

"हे काय केलंस रे?" तिनं विचारलं.

रॉयस्टननं बाहीसकट हात आत घातला आणि एक शिपाई वर काढला. करडा, नागडा, चकचकीत. हनुवटीखाली दाढी नव्हती. हेडली मातीत गेल्याला एक दिवस झाला नव्हता, आणि जगात त्याच्या हातचं जे काही उरलं होतं ते आपण धुऊन टाकलं, एवढंच त्याला कळत होतं.

"फोन कर तिला," ग्लिनिस म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. रडेल, शिव्या घालेल, होईल मोकळी."

"काल बाप पुरलाय तिनं."

"म्हणूनच."

पण त्यानं फोन केला नाही. त्याला दुसरंच सुचलं होतं, आणि एकदा सुचल्यावर ते त्याला जवळजवळ सोपं वाटायला लागलं. जन्मभर आपण दुसऱ्याची व्यंगं हुबेहूब उतरवली. नाताळच्या जेवणाचा एक फोटो होता, त्यात हेडली पलटण मांडून बसलेला. ती चांगली दिसत होती. डाग न् डाग बघून घेता येईल. ब्रायनीला कळायचंही नाही. तिला बापाच्या शिपायांशी खेळायचं होतं. ती बापाच्याच शिपायांशी खेळेल.

रंगाच्या दुकानातून त्यानं फाटकाचा तोच पिवळा आणि तोच निळा आणला आणि बसला. पहिला शिपाई झाला तेव्हा त्यानं तो लांब धरून बघितला. वाईट होता, पण नीटनेटका वाईट. ओघळ होता, पण ओघळ कुठं थांबायचा ते त्याला ठाऊक होतं. पुसून टाकला. डाव्या हातानं करून बघितलं, तर लहान पोराच्या हातचं दिसायला लागलं; हेडली काही लहान पोर नव्हता. चष्मा काढून केलं. बिअर पिऊन केलं. करंगळी आपोआप टेबलाला टेकायची, मनगट आपोआप थारा शोधायचं, कुंचल्याचं टोक आपोआप कडेशी येऊन थबकायचं.

"दात बरे होते," तो ग्लिनिसला म्हणाला. "दात त्या माणसाचे असायचे. हे शिपायाचं व्यंग नाही गं. हेडलीचं आहे."

"कसा रंगवायचा तो?"

"कसा म्हणजे? इथंच बसून रंगवायचा कित्येकदा. तू बघितलंयस की."

"मी बघितलंय ते सांगू? तो रंगवताना शिपायाकडे बघतच नव्हता. तुझ्याकडे बघायचा. नाहीतर माझ्याकडे. सारखी टकळी चालू. पावाच्या गाडीवर कुठल्या बाईनं काय म्हटलं, कुणाचं कुत्रं कुणाला चावलं. हात चालायचा खाली, आपला आपला."

रॉयस्टननं कुंचला खाली ठेवला. तीस वर्षं तो हेडलीला रंग पातळ करायला शिकवत होता. हेडली रंगवायला बसतच नव्हता हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो गप्पा मारायला बसायचा. हाताला काही चाळा हवा म्हणून कुंचला.

"बस इथं," तो बायकोला म्हणाला. "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या बहिणीचं सांग."

"माझ्या बहिणीचं तू एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारतोयस," ग्लिनिस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिनं बहिणीचं सांगितलं. मग बेकरीतल्या पोरीचं सांगितलं, जी पावात चिप्स भरताना हात आखडते. मग शेजारच्याच्या कुंपणाचं. रॉयस्टन तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि खाली कुंचला थापत राहिला. मध्येच तो इतका हसला की निळा पार बंदुकीच्या नळीवर गेला. तो नळीवरच राहू दिला. त्या संध्याकाळपासून पलटण उतरत गेली. ओघळ आले, रंगाचे गोळे आले, एका हनुवटीला थेंबही आला. ग्लिनिस निजायला गेली की तो शिपाई सुकत ठेवायचा, दिव्याखाली एकदा उचलून बघायचा, आणि मग निजायला जायचा. हेडलीच्या हाताशी आपला हात एकदाचा मिळाला, असं त्याला वाटलं. त्यात त्याला सुखही वाटत होतं, आणि त्या सुखाचीच त्याला धाकधूक होती.

शेवटच्या गुरुवारी ब्रायनी ट्रामची ड्यूटी संपवून थेट हॉलवर आली. ट्रामचा कोट, हातात चिप्स भरलेला पाव. डबा उघडला आणि तिचा चेहरा उजळला.

"आलं बघा म्हातारं," ती शिपायांना म्हणाली. "काय अवतार हाय एकेकाचा!" दाढीवाल्याला तिनं ओठांशी धरलं. रॉयस्टननं टेपची पट्टी ओढून उगाच परत आत सोडली.

खेळ सुरू झाला. तिला खरंच येत होतं. बापासारखीच धसमुसळी चाल, भिंतीमागं लपायचं सोडून मैदानात उतरायचं. रॉयस्टननं तिचे पुढचे तिघे मारले. तिनं फाशांना शिव्या घातल्या. मग म्हणाली, "माझा पलटणीचा नाईक इथनं तुमच्या तोफेवर गोळी झाडतो. नजर पोचती त्याची?"

"बघ की वाकून."

शिपायाला समोरचं दिसतं की नाही, हे ठरवायचं तर माणसानं टेबलाशी हनुवटी टेकवून त्याच्या मागून बघावं लागतं. ब्रायनी गुडघ्यांवर बसली, गाल टेबलाला लावला. मागून नीट दिसेना म्हणून नाइकाला दोन बोटांनी आपल्याकडे वळवलं. आणि तशीच राहिली. शेजारच्या टेबलावर कुणी सहा आले म्हणून ओरडलं.

"काका," ती खालूनच म्हणाली. "ह्याला डोळे कुठनं आले?"

रॉयस्टननं वाकून बघितलं. नाइकाच्या ओबडधोबड पिवळ्या चेहऱ्यात, रंगाच्या गोळ्याच्या वर, नाक लावल्याशिवाय दिसू नयेत एवढे बारीक दोन डोळे होते. पांढऱ्यात तपकिरी बुबुळ आणि बुबुळात मोहरीच्या शतांशाएवढा उजेड. त्यानं भराभर बाकीचे उचलले. सगळ्यांना होते. निजायला जाण्याआधी शिपाई दिव्याखाली उचलायचा, तेव्हा हातांनी ते काम करून टाकलं होतं. मूर्ती संपली की डोळे. हातांना दुसरं ठाऊकच नव्हतं.

"बाबा डोळे कवाच काढायचे न्हाईत," ब्रायनी उठत म्हणाली. "म्हणायचे, डोळे काढले की डावात मेल्यावर उचलून ठेवताना बघतंय आपल्याकडं. नकोच ते."

तीस वर्षांत रॉयस्टननं हे ऐकलं नव्हतं. हेडलीला डोळे जमत नाहीत, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मी काढले," तो म्हणाला. मग हातातला शिपाई खाली ठेवून म्हणाला, "डोळेच नाही, पोरी. सगळंच. तू डबा दिलास त्या दिवशी मी ते धुवून टाकले. मुद्दाम नाही. हातानं सवयीनं झालं. मग तसेच परत रंगवले."

ब्रायनीनं डब्याकडं बघितलं, मग दाढीवाल्याकडे. त्याला तिनं ओठांना लावलं होतं. तिनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"म्हणजे हे तुमचंय."

"हो."

"नागडे आणून मांडले असते तरी चाललं असतं मला. बोंबलले असते, तुमच्या आईबापाचा उद्धार केला असता, आणि बसले असते खेळायला. तुम्ही मला बाप म्हणून दुसराच दिलात, काका."

तीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला आपण फक्त रंगावरून बघितलं, हे रॉयस्टनला सांगता आलं नाही. सांगून ते तिच्या काय उपयोगाचं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर ट्राम थांबली आणि गेली. रॉयस्टन पलटण डब्यात भरायला लागला.

"ते राहू द्या," ती मागून म्हणाली. "डाव मोडलाय का मी? रंगाची पेटी असतीच ना तुमच्याजवळ? काळा काढा. डोळे बुजवायचेत ह्यांचे."

त्यानं काळ्या रंगाची बाटली उघडली. नाइकाला उचललं, कुंचला ओठात धरून टोक केलं, करंगळी टेबलाला टेकवली. जन्मात काढलेल्या डोळ्यांत हे सर्वांत चांगले असावेत, असं त्याला उगाच वाटून गेलं.

"द्या इकडं," ब्रायनी म्हणाली. "तुम्ही तेपण रेखीव कराल."

तिनं कुंचला मुठीत धरला, बाटलीत बुडवला आणि न निथळता नाइकाच्या तोंडावर टेकवला. डोळे गेले. काळा ओघळ गालावरून खाली निघाला, पिवळ्या गळपट्टीवर आला, तिथून छातीच्या चिलखताकडे वळला. ती पुढचा शिपाई उचलत होती. रॉयस्टनचा उजवा हात ओघळाकडे निघाला होता. त्यानं तो मागं घेतला आणि मांडीखाली दाबून त्यावर बसून राहिला.