दारातूनच येईन

माझ्या सासूबाईंना मी फक्त कांदा चिरताना रडताना पाहिलंय. एरवी बाई नाकावर माशी बसू देणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले. किराणावाले, सोनार, भंगारवाले, टपाल कचेरी, कुणाचे म्हणून काटे सोडले नाहीत. एका हातात लोखंडी वजनांची पेटी, खांद्याला हत्यारांची पिशवी. समोरचा दुकानदार कितीही गोड बोलू दे, काट्यात पाच ग्रॅमची खोट सापडली की तोंडावर सांगायच्या, "काटा खोटं बोलतोय. आता त्याला कुणी शिकवलं ते मी विचारत नाही." अशा बाईच्या मुलाशी मी लग्न केलं. मुलगा मात्र बापावर गेलाय. मऊ.

सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली. बाथरूममध्ये पडले, आतून कडी लावलेली. दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्षभराने सासूबाईंनी राहतं घर विकलं आणि कॅम्पर घेतला. गाडीमागे जोडून ओढून न्यायचं चाकांवरचं घर असतं ना, ते. आत एक पलंग, एक ओटा, आणि दुमडून भिंतीला लागणारं टेबल. गावाबाहेरच्या मैदानात असे पंधरा-वीस कॅम्पर उभे असतात, त्यांत कडेचा त्यांचा. "जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानात उभी राहिले. आता माझं घर मला हवं तिकडे तोंड करून उभं राहील," म्हणाल्या.

नवऱ्याने आकाशपाताळ एक केलं. एकटी कशी राहशील, पडलीस तर काय, आमच्याकडे खोली रिकामी आहे, वगैरे. महिनाभर ऐकून घेतल्यावर बाईंनी एकदाच सांगितलं, "ज्या दिवशी या घरात माझं मला जमणार नाही, त्या दिवशी निमूटपणे तुझ्याकडे येईन. शब्द देते." आणि सासूबाईंचा शब्द म्हणजे तोलून दिलेला माल. त्यात कमी-जास्त होत नाही, हे नवऱ्यालाही पक्कं माहीत. तेव्हापासून पाच वर्षं तो त्या दिवसावर टपून बसलेला. टपून म्हटलेलं त्याला आवडत नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

तर त्या बुधवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला. आदल्या संध्याकाळीच आम्ही त्यांना कॅम्परवर सोडून आलो होतो. त्याआधी चार दिवस त्या आमच्याकडे होत्या, नातीच्या परीक्षेपुरत्या.

"अगं, माझं दार उघडत नाहीये. कुलपाचा खटका अर्धा फिरतो आणि अडतो. मी बघते काय ते. भाजी आणायला माझी वाट बघू नकोस, एवढंच सांगायला फोन केला. आणि त्याला सांगू नकोस."

आणि मी शहाणीने शेजारी दात घासत उभ्या असलेल्या नवऱ्यादेखत मोठ्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही आत अडकलात?"

झालं! तोंडातला फेस न धुता तो गाडीत जाऊन बसला. वाटेत कुलूपवाल्याला फोन. मला म्हणतो, "बघ, आला तो दिवस." चेहरा पांढराफटक आणि आवाजात जिंकल्याचा सूर, दोन्ही एकाच माणसाचे. त्याची कीवही येत होती आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती.

पोचलो तर सासूबाई मोठ्या खिडकीत चहा पीत बसलेल्या. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला.

"आई, खिडकी उघडीच आहे. मी शिडी लावतो. तू हळूच पाय बाहेर टाक."

"खिडकीतून? का? मी चोर आहे का?"

"आई, हट्ट करायची वेळ आहे का ही?"

"माझ्या घरातून मी दारातूनच येईन. आणि सांगितलंय कुणी तुला धावत यायला?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

एवढ्यात कुलूपवाला आला. जाडजूड माणूस, कमरेला पट्टा, हातात ड्रिल. त्याने किल्ली घालून दोनदा हिसका दिला, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "कुलूप गेलं. भोक पाडून काढावं लागेल. दहा मिनिटांचं काम."

"पाडा," नवरा म्हणाला.

"खबरदार!" खिडकीतून आवाज आला. "कुलूप गेलं म्हणजे कुठे गेलं? महिन्यापूर्वी मी स्वतः खोलून साफ केलंय ते."

"आजी, मी वीस वर्षं कुलपंच उघडतोय."

"तेच म्हणते मी. वीस वर्षं कुलपाकडेच बघतोयस. जरा दाराकडे बघ."

नवरा भडकला. एरवी तो भडकत नाही, पण त्या दिवशी बांध फुटला. "आई, तू शब्द दिला होतास! तुला तुझं दार उघडता येत नाहीये. उद्या आत आग लागली तर? जमत नाहीये ना? मग मान्य कर आणि चल!"

खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी बाईंचाच राग आला. म्हटलं, सत्तरी उलटली, लेक काकुळतीला आलाय, खिडकीतून एक पाय टाकला तर काय बिघडतं? पण त्यांच्याकडे बघितलं आणि कळलं. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. खिडकीतून उतरल्या किंवा कुलूप फोडून निघाल्या, तर शब्दाप्रमाणे त्यांचं त्यांना जमलं नाही असं ठरणार होतं. आणि तो हिशेब आम्ही नाही, त्याच करणार होत्या. आमच्या त्या रिकाम्या खोलीत, कपाटाशेजारच्या पलंगावर, त्या निमूटपणे येऊन बसल्या असत्या. निमूट सासूबाई!

"थांब रे जरा," मी नवऱ्याला म्हणाले. "आई, तुम्ही सांगा. काय करायचं?"

त्या खिडकीतून दिसेनाशा झाल्या. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात लेव्हलची पट्टी, मधे काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. काटा आधी सपाट बसवायचा आणि मगच तोलायचा, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं काम. ती पट्टी त्यांनी दाराजवळ जमिनीवर आडवी ठेवली, मग उभी, मग कोपऱ्यात.

"कुलूपवाले, दाराच्या फटीतून कागद सरकवा. वरून खाली."

त्याने खिशातली पावती काढून सरकवली. वर सरसर फिरली, खाली येऊन घट्ट अडकली. त्याने ड्रिल गवतात ठेवलं. "आयला! चौकटच पिळलीय."

"कुलूप धडधाकट आहे. घर वाकडं उभं आहे," सासूबाई म्हणाल्या. "मागचा डावा कोपरा वर चढलाय. मी तो कधीच इतका चढवत नाही. काल येताना दार लागेना, तर मी दमलेली, खांदा लावून ढकललं आणि झोपले. तेव्हाच पट्टी ठेवून बघायला हवं होतं. ती चूक माझी, मोजून माझी. पण कोपरा कुणी चढवला?"

कॅम्परच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय असतात. हँडल फिरवून ते खालीवर करायचे, एखादा फार ताणला की तो कोपराच उचलला जातो. ते काही आपोआप फिरत नाहीत. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"रविवारी आलो होतो मी," तो पुटपुटला. "तू आमच्याकडे होतीस तेव्हा. आत चाललं की हलतं सगळं. मला वाटलं, तू पडशील. म्हणून जरा घट्ट केलं."

"किती?"

"होईल तेवढं."

कुलूपवाला आपल्या बुटांकडे बघत होता.

"हँडल घे," सासूबाई म्हणाल्या. "उलटं फिरव. सावकाश. मी सांगेन तेव्हा थांब."

नवरा गुडघ्यांवर बसला. एक फेरा, दोन फेरे. आतून आवाज येत होता, "अजून. अजून. अर्धा. बस!" कॅम्परने अंग सैल सोडल्यासारखा आवाज केला. खटका फिरला. दार उघडलं आणि सासूबाई तीन पायऱ्या उतरून ताठ मानेने गवतात आल्या.

"सांग आता. जमलं का मला?"

"जमलं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तोलून सांग."

नवऱ्याने हँडल खाली ठेवलं. "जमलं, आई. पण बाबांच्या वेळी मी दाराबाहेर उभा होतो. मला ते दार..."

"मीही तिथेच उभी होते. तुझ्या शेजारी." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला, आणि लगेच वर गेला. "म्हणून काय जन्मभर दारं उघडी टाकून जगू? तू घाबर, मी अडवणार नाही. पण तुझी भीती माझ्या घराखाली लावू नकोस. घर वाकडं होतं."

मग त्यांनी त्याच्या केसांतलं गवत काढलं, कुलूपवाल्याला चहा पाजला, मला "पोटात काही राहत नाही तुझ्या" म्हणून झापलं, आणि कामं पडलीत म्हणून आत गेल्या. दार लागलं. आतून खटका फिरला, पूर्ण फिरला.

नवरा दारासमोर उभाच. हात ठोठावायला वर गेला, तसाच थोडा वेळ राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ."