मामीच्या बोटांना जमेल असं बकल

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. सातवीच्या वर्गात पानाचे भाग शिकवत होते आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, साताऱ्याहून फोन हाय," एवढंच म्हणाला, आणि मी खडू खाली ठेवून धावले. फोनवर मामाच्या शेजारचे काका होते. मी पहिला प्रश्न विचारला तो, कुठं पडला? काका म्हणाले, पडले नाहीत गं. सकाळी घोडी फिरवून आणली, खरारा केला, ओट्यावर बसून चहा मागितला आणि मामी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं... रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला भ्यालो ते झालंच नाही, दुसरंच काहीतरी झालं.

यशवंतमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. फौजेत घोड्यांवर होता, दफेदार होऊन घरी आला. साताऱ्यात दगड मारावा तर तो पेन्शनर फौजीच्या पत्र्यावर पडायचा. कुणी येताना काळी ट्रंक आणतो, कुणी कॅन्टीनची सवय आणतो. आमच्या मामानं घोडी आणली. किल्ल्याच्या पायथ्याशी, वस्तीच्या टोकाला त्याचं घर. घराची कौलं गळत होती ती सोडून माणसानं आधी घोडीचा निवारा बांधला, अशी तक्रार कमलमामी येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी करायची. घोडीला शेवंती हे नाव मात्र तिनंच ठेवलं होतं, ते ती कुणाला सांगायची नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि बाजूच्या खुंटीला लगाम. त्या खोलीत नेहमी उदबत्ती आणि चामड्याचा मिळून एक वास असे. अजूनही कुठं चामड्याच्या दुकानावरून गेलं की मला तिथली बुद्धवंदना आठवते.

शाळेत असताना सुट्टी लागली की मी सांगलीहून साताऱ्याला पळायची. मामा वस्तीतल्या पोरापोरींना घोड्यावर बसायला शिकवायचा, आणि त्याचा एक नियम होता. डोक्यावर हेल्मेट नसेल तर रिकिबीत पाय ठेवायचा नाही. माझ्या वडिलांनी पुण्याहून कुणाकडून तरी माझ्यासाठी हेल्मेट आणवलं, ते चांगलं दोन बोटं मोठं. आमच्याकडे गणवेश, बूट, रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. वडिलांनी तोच हिशेब डोक्याला लावला. मामानं ते माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा न लावता मला खाली वाकायला सांगितलं, आणि हेल्मेट थेट लिदीत. आत फडकं कोंबू की, असं आईनं सुचवलं. मामा म्हणाला, "बाय, पोरीचं डोकं हाय ते. लोणच्याची बरणी न्हवं, फडकं बांधाया." आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, पण हेल्मेट बदलून आलं.

बदलून आलेलं त्यानं असं तपासलं की सोनारही लाजावा. हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, भुवयांच्या वर दोन बोटं ते आडवं बसलं पाहिजे, आणि पट्ट्याखाली हनुवटीपाशी फार तर एक बोट शिरावं. एवढ्यावर भागलं नाही. "आत्ता बरं वाटतंय, दोन तासांनी डोकं दुखलं तर तूच काढून फेकशील," असं म्हणून त्यानं ते मला सबंध दुपारभर घालायला लावलं. हेल्मेट घालून मी मामीबरोबर भाकरी थापल्या, शेंगा फोडल्या, आणि अंगणात गल्ली जमा झाली. संध्याकाळी त्यानं ते उतरवून माझ्या कपाळावर वळ उठलाय का ते पाहिलं आणि मगच मान हलवली. जमिनीवर जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही धड दिसलं तरी तो ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढू देत नसे. त्याचा पट्टाच कापून टाकायचा. चांगली वस्तू टाकवत नाही अशी आपली जात, दुसरं कुणीतरी उचलून नेईल याची त्याला खात्री असे.

आणि हा सगळा शहाणपणा सांगणारा माणूस स्वतः मात्र फेटा बांधून घोड्यावर बसायचा!

तो फेटा बांधणं हा त्या घरातला रोजचा सोहळा होता. सकाळी लवकर, अंगणात. मामा एका टोकाला, मामी दुसऱ्या टोकाला. दोघं मिळून कापडाला घडी घालायची, मग मामी आपलं टोक ताणून धरायची आणि मामा गुंडाळत गुंडाळत तिच्याकडे सरकत यायचा. शेवटचा पेच मात्र मामीचा. ती टाचा उंचावून तो कचकन ओढायची आणि आत खोचायची, आणि वरून एक थाप मारायची. दोघंही त्या वेळी फारसं बोलत नसत. त्यांच्या पिढीत बायकोचा हात सगळ्यांदेखत धरायची पद्धत नव्हती. आम्ही पोरं दात घासत हे बघायचो आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

मी मोठी झाले, शिकले, सांगलीतच शाळेत लागले, आणि मामाच्या मागे लागले. त्याच्या भाषेत सांगायचं तर गोचिडीसारखी. तुझं डोकं काय लोखंडाचं आहे का, असं मी विचारायची. तो म्हणायचा, एवढ्या लांब कापडातून मार लागत न्हाई. कधी म्हणायचा, हेल्मेटात मी सुगडासारखा दिसीन. कधी नुसता हसायचा. मामी माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटे, तर ती उठून आत जायची. तोवर मामीच्या हातांना संधिवातानं धरलं होतं. आधी बोटांची पेरं सुजली, मग बोटं वाकडी होत गेली. पदर खोचायलासुद्धा तिला वेळ लागायचा. तरी सकाळचा फेटा चुकला नाही. शेवटचा पेच तीच खोचायची. फक्त आताशा तो कचकन ओढला जात नसे... हे मी बघत होते, आणि म्हणूनच आणखी चिडत होते.

गेल्या श्रावणात व्हायचं तेच झालं. शेवंती दुडक्या चालीत असताना फेटा सुटला, कापड तिच्या डोळ्यांपुढं फडफडलं, ती बुजली आणि मामा रस्त्याकडेला आपटला. नशीब, खांद्यावर निभावलं. मी पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते, पण खाटेवर हात गळ्यात बांधून बसलेल्या मामाला बघून मी आधी चहाच टाकला. मामी तर माझ्याकडे बघतही नव्हती. निघताना मामा म्हणाला, दसरा झाला की सांगलीला येतो, मला हेल्मेट बघ.

सांगलीत घोड्यावरचं हेल्मेट मिळणं काही सोपं नव्हतं. दुकानदार आधी मोटारसायकलचं दाखवायचे, मग क्रिकेटचं, मग आमच्याकडे संशयानं बघायचे. शेवटी खेळाच्या सामानाच्या एका दुकानात कुठल्याशा शाळेसाठी मागवलेली आणि पडून राहिलेली काही हेल्मेटं निघाली. मामानं एक डोक्यावर चढवलं आणि मला वाटलं, झालं काम. अगदी मापात. कपाळाची कातडी हलत होती, कानशिलाला टोचत नव्हतं, वारा जायला भोकं होती. मामानं पट्ट्याचं बकल हातात घेतलं, दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि हेल्मेट उतरवून बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. तेही डोक्याला बसलं, आणि तेही बकल दाबून बाजूला गेलं. तिसऱ्याचं बकल तर त्यानं बोटं मुडपून, मुठीच्या कडेनं दाबून पाहिलं. दुकानदार जांभया द्यायला लागला. माझा संयम संपला. मी म्हटलं, मामा, हेल्मेट डोक्याला बघायचं की बकलाला? तुझी बोटं तर धडधाकट आहेत, कुठलंही लागेल तुला.

मामानं हातातला पट्टा अंगठ्यानं सरळ केला. मग हळूच म्हणाला, "माझ्या हातानं लावायचं असतं तर कवाच घेतलं असतं गं."

मला कळायला थोडा वेळ लागला... कळलं तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी मिळून राहिलेली सगळी हेल्मेटं पुन्हा काढली. आता मीही बोटं वाकडी करून बकलं दाबत होते. शेवटी एक मिळालं. रंगानं काहीतरीच पिवळट, पण आत मऊ, मापात पक्कं, आणि त्याचं बकल रुंद, तळव्यानं जरा दाबलं तरी टक्‌ करून बसणारं. उघडायला मात्र दोन्हीकडून दाबावं लागे, म्हणजे आपोआप सुटायची भीती नाही. मामानं ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. बाहेर पडल्यावर त्यानं मला भेळ खाऊ घातली. भेळ खातानाही हेल्मेट मांडीवरच होतं.

त्यानंतर सकाळी अंगणात फेट्याऐवजी हेल्मेट येऊ लागलं. मामा ओट्याच्या पायरीवर बसायचा, हनुवटी वर करायचा, आणि मामी समोर उभी राहून बकल दाबायची. टक्‌ झालं की वरून थाप. दिवाळीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. पौषात मामा गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि घोडीचा प्रश्न उरला. मामी विकू देईना. खुंट्याला बांधून राहिली तर शेवंतीचे पाय सुजून भरले असते, म्हणून गेले काही रविवार मी सांगलीहून जाते आणि तिला फिरवून आणते. पहिल्या रविवारी मी खोगीर कसत होते आणि मामी आतून मामाचं पिवळट हेल्मेट घेऊन आली. मी पायरीवर बसले. तिनं ते माझ्या डोक्यावर ठेवलं, बकल लावलं, टक्‌ झालं. मग तिनंच ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते डुगडुगलं. "न्हाई. तुला व्हत न्हाई ह्ये," ती म्हणाली आणि उतरवून घेतलं. तिनं ते पदरानं पुसून ओट्यावर ठेवलं. आमच्या घरात तेवढं मोठं डोकं दुसऱ्या कुणाचंच नाही.

मग मी पिशवीतून माझं हेल्मेट काढलं, आणि तिनं तेही माझ्या हातातून घेतलं. त्याचं बकल चिवट, जुन्या पद्धतीचं, पट्टा भोकात ओवून खिळा बसवायचा. तिची बोटं माझ्या हनुवटीखाली धडपडत राहिली. मी लावते म्हणावं असं फार वाटलं, पण मी मान वर करून बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "लागलं का गं?" मी म्हटलं, लागलं. लागलं नव्हतं, पट्टा नुसता अडकला होता. मी घोडीला लगाम धरून चालवत नेलं, वळणावरच्या करंजाच्या झाडाआड गेले, तिथं पट्टा नीट कसला, आणि मगच वर चढले.

परत आले तर मामी ओट्यावरच होती. पट्टा सोडायला तिनं हात घातला आणि तो कुठल्या भोकात आहे हे तिला बोटांनीच कळलं. ती सावकाश बोलली.

"करंजाखाली लावलंस न्हवं? तुजं मामा बी तितंच थांबायचं. मी बांधलेला फेटा सोडायचं, पुन्ना बांधायचं, मग बसायचं. मला ठावं हुतं... पडलं त्या दिशी मला दळण आणाया जायाचं हुतं, म्हनून मी संगं गेले, पार रस्त्यापातूर. माझ्या म्होरं त्यास्नी सोडता आला न्हाई."

 मी तिचे हात धरले. ते गरम होते. म्हणजे वर्षानुवर्षं तो तिला कळू देत नव्हता, आणि तिला कळलंय हे ती त्याला कळू देत नव्हती. आणि त्या श्रावणातल्या सकाळी तिच्यादेखत तिनं खोचलेला पेच सोडण्यापेक्षा त्यानं पडणं पत्करलं. मी तिला तसं म्हटलं, की त्याला दुसरं काही जमलंच नसतं, मामी. तिनं मान डोलावली आणि डोळ्यांना पदर लावला.

मग माझं हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाली, "म्होरल्या रविवारी झाडाआड जाऊ नगंस. हितंच लाव, माझ्या म्होरं. मी निस्ता हात लावीन."