‘ते’ किती जण होते?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आबांना तर नाहीच. आबा गेले त्या दुपारी त्यांच्या उशाशी बसलो होतो, तोंडाशी आलं होतं, आणि तरी गिळलं. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं बरं आहे.

शिरूरमध्ये मला ओळखणारे पुष्कळ. रांजणगावच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या, आता रिटायर झालोय. पण लोक ओळखतात ते त्यासाठी नव्हे. तरुणपणी मी चेकोस्लोव्हाकियात शिकायला होतो आणि तिथली कम्युनिस्ट राजवट पडताना मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून. दरवर्षी राहूच्या, म्हणजे आमच्या गावच्या, शाळेतून हेडमास्तरांचा फोन येतो. “आप्पा, तुमी यायचंच. आन् त्ये किल्ल्यांचं तेवढं सांगा, पोरांना लई आवडतं.”

मी जातो. सांगतो की पोलिसांनी विद्यार्थ्यांना झोडपलं, तसं अख्खं शहर रस्त्यावर आलं. हाडं गोठवणारी थंडी, चौकात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि सगळ्यांनी खिशातल्या किल्ल्या काढून एकदम वाजवल्या. निघा आता, तुमची वेळ झाली — असा त्याचा अर्थ. मग शाळेतली पोरं सायकलच्या किल्ल्या वाजवतात, मला शाल-नारळ मिळतो. यातलं काहीही खोटं नाही. मीही माझ्या होस्टेलची किल्ली वाजवली होती. फक्त एक जुडगा आहे, त्याचं मी कधी सांगत नाही.

थांबा, आधी आबांचं सांगतो. दोष त्यांच्या माथी मारायला नाही — त्यांनी सांगितलं ते चांगलंच होतं. आम्ही मूळचे मेंढपाळ, पण मेंढरं आजोबांच्या काळातच सुटली. आबा राहूत शेती करायचे. मला सरकारी स्कॉलरशिप मिळाली तेव्हा गावानं ढोल वाजवत वेशीपर्यंत पोचवलं. एसटीत बसताना आबा एवढंच म्हणाले, “मास्तरास्नी कवा एकेरी बोलायचं न्हाई. परमुलखातलं असलं तरी मास्तर हाईत त्ये.”

मी हे इतकं मनावर घेतलं, की तिथल्या भाषेतसुद्धा मास्तरांना अनेकवचन लावायचो. आम्हाला मशीनकाम शिकवणारे उंच, जरा वाकून चालणारे मास्तर होते, त्यांच्याबद्दल बोलताना ‘मास्तर आले’, ‘मास्तर म्हणाले’. आता त्या भाषेत एका माणसाबद्दल असं कुणी बोलत नाही. तिथं ‘आले’ म्हटलं की पुष्कळ जण आले. हाना हसून बेजार व्हायची. हाना माझ्या वर्गातली. मला त्यांची भाषा शिकवली ती तिनंच. “तुझे मास्तर आहेत तरी किती?” असं विचारायची.

उठावाच्या आधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तर माझ्या खोलीवर आले. एकटे. हातात कागदांचं पुडकं. सरकारनं तुरुंगात टाकलेल्या माणसांना सोडा, अशा अर्जाच्या त्या प्रती होत्या. परदेशी मुलाची खोली सहसा कुणी तपासत नाही, दोन दिवस ठेवाल का, म्हणाले. मी पुडकं ट्रंकेत ठेवलं, दोन दिवसांनी वर्कशॉपमध्ये गुपचूप परत दिलं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं कॉलेजच्या ऑफिसात बोलावणं आलं. साध्या कपड्यातला एक माणूस बसला होता. त्यानं मला चहा दिला. मास्तर माझ्या खोलीवर आल्याचं त्याला माहीत होतं, कुणीतरी त्यांना पुडक्यासकट जिन्यात पाहिलं होतं. मी म्हणालो, हो, आले होते.

सवयीनं. अनेकवचनात.

त्यानं पेन उचललं. आले होते? मग दुसरं कोण होतं?

तुम्हीच सांगा, किती सोपं होतं ते. साहेब, आमच्याकडं थोरामोठ्यांबद्दल असंच बोलतात, माझी बोलायची चूक झाली, ते एकटेच होते. एवढं मला त्या भाषेत बोलता येत होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तो म्हणाला, शब्द फिरवणाऱ्याला उद्याच्या विमानात बसवतो आम्ही. मला राहूची वेस दिसली. ढोल वाजवून पाठवलेलं पोर हाकलून दिलं म्हणून परत आलंय — आणि आबा खाली मान घालून उभे आहेत.

मी म्हणालो, हाना.

तीच का? जिभेवर दुसरं नावच नव्हतं. त्या पुडक्याला तिचा हातही लागला नव्हता.

हानाला कॉलेजातून काढलं आणि एका धुलाई कारखान्यात कामाला धाडलं. मास्तर ताकीद मिळून नोकरीत राहिले. तिला त्या लोकांनी सांगितलं, तुझं नाव तुझ्या मास्तरांनीच दिलं, म्हणून तर ते वाचले. तिला ते पटलं. का पटू नये? बागेतल्या बाकावर माझ्या शेजारी बसून ती हे सांगत रडली. मी तिला माझा रुमाल दिला. मला त्या रुमालाची आजही शरम वाटते.

मग थंडी आली आणि उठाव झाला. त्या चौकात हाना माझ्या शेजारीच होती. सोड्यानं फुटलेल्या बोटांत किल्ल्या धरून वाजवत होती, हसत होती. मी तिच्यापेक्षा जोरात वाजवल्या. गर्दीत बरं वाटत होतं मला, कळपात मेंढरू लपावं तसं.

कॉलेज संपावर गेलं. सगळे विद्यार्थी मोठ्या हॉलमध्ये जमले आणि ठरलं, की ज्यांनी चुगल्या केल्या ते शिक्षक आता नकोत. काढून टाकलेल्यांनाही बोलावलं होतं, त्यांतली हाना उभी राहिली. तिनं मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर समोरच होते. म्हणाले, मी कुणाचंही नाव दिलेलं नाही. हानानं विचारलं, मग कुणी दिलं?

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चौथ्या रांगेत होतो. त्या खोलीत दोघंच होतो आम्ही — त्यांना कळायला किती वेळ लागणार? मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असं वाटत होतं की बोलू नये असं? दोन्ही. ते बोलले नाहीत. मतं घेतली गेली. हात वर झाले.

मीही हात वर केला.

मास्तरांनी खिशातून वर्कशॉपच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. हॉलमध्ये इतकी शांतता होती, की तो आवाज चौथ्या रांगेपर्यंत आला. चौकातला हजारोंचा आवाज मला आता आठवावा लागतो. हा आठवावा लागत नाही. बायको दाराशी किल्ल्या ठेवते आणि मी दचकतो. ती म्हणते, वय झालं.

मी डिग्री घेऊन परत आलो. पुन्हा ढोल वाजले. हानानं खूप वर्षांनी मला फेसबुकवर शोधून काढलं. परवापरवा तिनं लिहिलं, मास्तर गेले. मातीला चारच माणसं होती म्हणे. पुढं तिनं लिहिलं होतं, मी गेले नाही, तू समजशील.

अख्खी दुपार फोन हातात होता. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एकच शब्द पाठवला: समजतो.

यंदाही शाळेत गेलो होतो. किल्ल्यांचं सांगून झालं, टाळ्या झाल्या. आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. “आप्पा, तुमच्या वर्गात कुणी फितूर व्हतं का?”

“होते,” मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि खाली बसली. तिला वाटलं असेल, पुष्कळ जण होते. एकच होता. तो मी.