सुनेनं सांगितलेला पिक्चर

तिसगावहून नगरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि दुसऱ्यानं तिला फारसं दिसत नसावं. सुनेच्या मोबाईलवर आगगाडीतल्या खुनाचा हिंदी पिक्चर चालू होता. थेटरातून उतरून तो नुकताच मोबाईलवर आला होता. बसमध्ये मोबाईल वाजवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून बोलायला लागली आणि माझे कान तिकडे लागले.

ती सासूला पिक्चर सांगत होती. डब्याचं दार कसं सरकलं, टीसीच्या कपाळावर घाम कसा फुटला, हे सांगताना तिचा मोकळा हात बांगड्यांसकट नाचत होता. इतकं झकास सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. करंजीचा घाट कधी मागे पडला, कळलंही नाही.

मधेच सासूनं विचारलं, "मेलेल्यावर कुनी पांघरून घातलं का गं?"

सून जराही अडखळली नाही. "घातलं ना आत्याबाई. एका म्हातारीनं अंगावरची शाल काढून टाकली त्याच्यावर."

"बरं केलं बाई तिनं. सांग आता फुडं."

खुनी सापडायच्या आत नगर आलं. सासूचा हात धरून सून उतरून गेली. मला राहवेना. घरी पोचल्यावर आधी तो पिक्चर लावला. खुनी कोण ते कळलं, पण मी वाट बघत होतो त्या शालीची.

मढं शेवटपर्यंत उघडंच होतं.